नव्या बहिणीची सोबत
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळीत नव्याने येणाऱ्यांना, आणि आपल्यासारख्या जुन्यांनाही, ख्रिस्ताच्या शिष्यपणात वाढण्यास कशी मदत करावी, हा विषय चिटणीसबाईंनी मला दिला. विषय ऐकून मी म्हटले, "अहो, हा पाळकसाहेबांनी बोलण्याचा विषय आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी चूल आणि बांधी सांभाळणारी बाई." त्यावर त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब रविवारी तासभर सांगतात. बाकीचे सहा दिवस नवी बाई तुमच्या ओट्यावर येऊन बसते. तिच्याशी काय बोलावे ते तुम्हीच सांगा." यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे. माझे बोलणे पुस्तकी होणार नाही. तेव्हा ते गोड मानून घ्यावे.

प्रथम शिष्य या शब्दाविषयी बोलते. हा शब्द आपल्या भाषेत फार जुना आहे. पूर्वी शिष्य गुरूच्या घरी राही, पाणी भरी, लाकडे फोडी आणि गुरू कसा बोलतो, कसा वागतो, रागाच्या वेळी काय करतो हे पाहून शिके. प्रभू येशूचे बारा शिष्यही तसेच शिकले. ते त्याच्याबरोबर पायी फिरले, एका ताटाभोवती बसले, चुकले, भांडले, संकटाच्या रात्री पळूनही गेले आणि पुन्हा त्याच्याजवळ आले. कोणी त्यांची परीक्षा घेऊन दाखला दिला नाही. तेव्हा शिष्यपण म्हणजे मागे चालणे, आणि चालायला शिकवायचे तर बरोबर चालावे लागते. नुसते लांबून बोट दाखवून ते होत नाही.

आता आपल्या भंडाऱ्यात नवे म्हणून कोण येते ते पाहू. काही कुटुंबे नोकरीनिमित्त येतात. जवाहरनगरचा दारूगोळ्याचा कारखाना आहे, वरठीचा लोखंडाचा कारखाना आहे, दवाखाने आणि शाळा आहेत. परगावचे, कधी परप्रांतातले ख्रिस्ती लोक तेथे कामाला येतात. काही सुना दुसऱ्या पंथाच्या मंडळीतून आपल्या घरात येतात. त्यांची उपासनेची रीत थोडी निराळी असते. त्याचे आपल्याला फार वाटू नये. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या जवळच्या नागपूरलाच सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. त्या दिवशी आपल्या आजी-आजोबांना किती सवयी बाजूला ठेवाव्या लागल्या असतील! या दोन प्रकारच्या नव्यांना आपलेपणाने हाक मारली, घरी जेवायला बोलावले, की ते लवकर रुळतात.

तिसऱ्या प्रकारची नवी बहीण ती, जी स्वतःच्या शोधाने येते. तिच्या घरात यापूर्वी कोणी ख्रिस्ती नसते. माझे आजचे बोलणे मुख्यत्वे तिच्याविषयी आहे. येथे बसलेल्या शेजारणींच्या मनात शंका राहू नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते. कोणाला ओढून आणणे, लालूच दाखवणे, भीती घालणे हे पाप आहे असे आम्ही मानतो. प्रभूने कोणाचा हात पिरगाळला नाही. एक श्रीमंत तरुण त्याच्याकडे येऊन खिन्न मनाने परत गेला, तेव्हा त्यालाही त्याने अडवले नाही. परंतु जी आपल्या पायांनी आली, तिला दारात उभी ठेवणे हेही बरे नव्हे.

आपण धान पिकवणारी माणसे. मृगात पऱ्हे टाकतो, वीस-पंचवीस दिवसांनी ते उपटून चिखल केलेल्या बांधीत रोवतो. रोवणीनंतर आठ-दहा दिवस रोप पिवळे पडते, मान टाकते. परक्याला वाटेल, हे मेले. आपल्याला ठाऊक असते की ते मूळ धरत आहे. त्या दिवसांत बांधीत पाणी बेताचे ठेवावे लागते. तुडुंब भरले तर रोप कुजते किंवा तरंगते, आणि अगदी कोरडे पडले तर वाळते. रोज जाऊन रोप उपटून मूळ किती आले हे कोणी पाहत नाही. नवी बहीणही अशीच एका वाफ्यातून निघून दुसऱ्या बांधीत आलेली असते. तिचे सण, तिच्या नणंदा-जावांचे बोलणे, तिची देवळाची वाट, सगळे मागे किंवा अर्धे मागे राहिलेले असते. अशा वेळी आपल्यापैकी काही जणी तिच्यावर शिकवणुकीचा पूर आणतात, आणि काही जणी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. दोन्हीने नुकसानच होते.

यापेक्षाही मोठे नुकसान एका गोष्टीने होते. ती गोष्ट म्हणजे खोटे आश्वासन.

भगिनींनो, नवी बहीण बहुधा दुःखातून येते. नवरा दारू पितो, मूल आजारी असते, कर्ज फिटत नाही. कोणीतरी तिला सांगते, "प्रार्थनेला ये, सगळे नीट होईल." ती येते. काही वेळा खरोखर नीट होतेही, आणि आपण देवाचे उपकार मानतो. पण नाही झाले म्हणजे? तेव्हा तिला सांगण्यात येते, "तुझा विश्वास कमी पडला." आजारी मुलाच्या आईवर मुलाच्या आजाराचाही दोष टाकायचा! याहून निर्दय बोलणे मला ठाऊक नाही.

माझ्या पाहण्यातली एक हकीकत सांगते. नाव-गाव सांगत नाही. एक बाई आपल्या मुलाला घेऊन उपासनेला येऊ लागली. मुलाला सिकलसेलचा आजार. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे, तुम्हाला त्याची माहिती आहेच. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, सांधे आणि हाडे इतकी दुखतात की मूल रात्रभर कण्हते. हा आजार संसर्गाने होत नाही, कोणाच्या शापानेही होत नाही. तो आई-बापांकडून रक्तातून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारांत एक एवढा धोका असतो. त्या बाईला एका घरगुती प्रार्थनासभेत कोणी सांगितले की, गोळ्या घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, त्या बंद कर. तिने बंद केल्या. पंधरा दिवसांनी पोराला ताप आला आणि कळांनी त्याचे अंग ताठ झाले.

त्या रात्री आमच्या मंडळीतल्या एक वृद्ध काकू तिच्या घरी गेल्या. त्यांनी उपदेश केला नाही. ऑटो बोलावला, मुलाला सरकारी दवाखान्यात नेले आणि रात्रभर आईजवळ बसल्या. सकाळी घरून पेज करून आणली. मग तीन दिवसांनी, मूल जरा हसू लागले तेव्हा, एवढेच म्हणाल्या, "बाई, गोळी देणारा हातही त्यानेच दिला आहे. गोळी घालताना प्रार्थना कर. एकासाठी दुसरे सोडायला त्याने कुठे सांगितले आहे?"

त्या काकूंचे बोलणे आपल्या गावच्या इतिहासाला धरूनच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या मिशनने भंडाऱ्यात काम सुरू केले, तेव्हा शुभवर्तमानाबरोबर दवाखानाही आणला. प्रार्थना आणि औषध ही दोन्ही एकाच पडवीत बसत. आज तर सिकलसेलसाठी सरकारने २०२३ साली देशभर मोहीम सुरू केली आहे. रक्ताची तपासणी होते, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या मिळतात. पोराला भरपूर पाणी पाजावे, थंडीत उघडे ठेवू नये, ताप आला तर घरी थांबू नये, लग्न ठरवण्याआधी मुला-मुलीची तपासणी करावी. हे सांगणे शिष्यपणाच्या भाषणात कशाला, असे कोणी म्हणेल. माझ्या मते ते शिष्यपणच आहे.

तो मुलगा पूर्ण बरा झाला, असे सांगून मी तुम्हाला खूश करणार नाही. त्याला अजून कळा येतात. हिवाळ्यात शाळा बुडते. पण त्याची आई आजही आपल्यात आहे. एकदा मी तिला विचारले, "तुम्ही ज्यासाठी आलात ते तर मिळाले नाही, मग का येता?" ती म्हणाली, "आधी मी एकटी जागायची, आता एकटी नसते." तिला देव माणसांच्या सोबतीतून भेटला. आजच्या माझ्या बोलण्याचे सार हेच आहे की, नव्या बहिणीला आश्वासने थोडी द्यावीत आणि सोबत पुष्कळ द्यावी.

ही शिकवण मी पदरची सांगत नाही. आपल्या महाराष्ट्राच्या दोन थोर स्त्रियांची उदाहरणे पाहा.

पंडिता रमाबाईंचे आई, वडील आणि बहीण दुष्काळाच्या हालांत गेली. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षे होण्यापूर्वीच, १८८२ साली पती वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तरी त्यांची दुःखे संपली का? नाही. १९२१ साली ती एकुलती एक मुलगीही आईच्या आधी गेली. बाप्तिस्मा म्हणजे दुःखातून सूट असती, तर रमाबाईंना ती मिळायला हवी होती. पण त्यांनी अशी सूट मागितली नाही आणि काम सोडले नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून अख्खे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचे काम त्या करीत होत्या. ते पुरे करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. साध्या बायकांना समजावे म्हणून त्यांनी भाषा सोपी ठेवली होती.

आपल्या बाजूशीही त्यांचा संबंध आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या होत्या. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्या प्रांतातल्या उपाशी, निराधार मुली आणि विधवा त्यांनी शेकड्यांनी केडगावला नेल्या. तेथे त्यांना नुसते प्रवचन ऐकवत बसवले नाही. विणकाम, शिवण, तेलघाणी, शेती, छापखाना, असे काम प्रत्येकीच्या हाती दिले. रमाबाईंचे पवित्र शास्त्र छापण्याच्या कामात केडगावच्या या स्त्रियांचे हात होते. उपाशी म्हणून आलेल्या बाईने देवाचा शब्द जुळवून कागदावर उतरवावा, याहून मोठे वाढणे कोणते!

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता एका अनोळखी परदेशी गृहस्थाने त्यांच्याशी बोलणे काढले आणि त्यांना नवा करार भेट दिला. ती गाडी आपल्या भंडारा रोड आणि तुमसर रोडवरूनच गेली असली पाहिजे, कारण नांदगावची वाट तीच आहे. रोज आपल्या दारावरून जाणाऱ्या गाडीत कोण कोणाशी दोन शब्द बोलते आणि त्याचे पुढे काय होते, देव जाणे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर तर आभाळ कोसळले. त्या जवळजवळ पाच वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्या त्यांच्याकडे आल्या, पण सोवळे-ओवळे पाळत, आपले अन्न-पाणी वेगळे ठेवून. ही सारी हकीकत त्यांनी स्वतःच 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणाने आणि हसत-रडत लिहून ठेवली आहे. मला त्यात विशेष वाटते ते हे, की टिळकांसारख्या तापट माणसानेही या बाबतीत बायकोवर जबरदस्ती केली नाही. तिचे पाणी वेगळे तर वेगळे. ती आपल्या डोळ्यांनी माणसे पाहत होती, त्यांचे वागणे पारखत होती. माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नव्हे, हे तिचे तिला उमगले, तेव्हा तिने सगळ्यांच्या हातचे घेतले आणि मग बाप्तिस्माही घेतला.

त्या घाईने आणल्या असत्या तर पतीच्या मागून फरपटत आलेली एक बाई मंडळीला मिळाली असती. पाच वर्षे वाट पाहिल्याने मंडळीला लक्ष्मीबाई टिळक मिळाल्या. शाळेचे शिक्षण नाही, अक्षरओळख घरीच झालेली. पण टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' अपुरे होते, आणि ते या बाईने पुरे केले. सातवी शिकलेल्या आम्हां बायकांनी मान खाली घालून बसू नये, म्हणून ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगते.

ख्रिस्तायनावरून आणखी एक विचार मनात येतो. नव्या माणसाला तिच्याच भाषेत देव भेटला पाहिजे. गोव्याकडे फादर स्टीफन्स म्हणून इंग्रज पाद्री होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या पुराणांची, ओव्यांची सवय. ती सुटल्यावर त्यांना वाचायला-ऐकायला तसे काही उरले नाही. हे जाणून त्यांनी प्रभूची कथा मराठी ओव्यांत रचली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. टिळकांनीही अभंग, भजन, कीर्तन यांचा स्वीकार केला, आणि त्यांची पुष्कळ पदे आज आपल्या 'उपासना संगीता'त आहेत. आपल्याकडे मात्र नवी बाई प्रार्थनेला उभी राहिली आणि झाडीबोलीत बोलली की मागच्या बाकावर कोणी तोंडाला पदर लावते. असे होऊ नये. जी आपल्या आईशी झाडीबोलीत बोलते, तिने आकाशातल्या बापाशी पुस्तकी मराठीत का बोलावे?

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. हे नियम नाहीत, अनुभवाच्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट. प्रत्येक नव्या बहिणीला एक सोबतीण असावी, आणि ती निदान वर्षभर असावी. सगळ्यांचे काम म्हटले की ते कोणाचेच राहत नाही. तीन रविवार सगळ्या जणी हसून नमस्कार करतात, चौथ्या रविवारी ती आली नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही. सोबतिणीने उपासनेत तिच्याजवळ बसावे, गीताचे पान काढून द्यावे, केव्हा उठायचे केव्हा बसायचे ते हळूच सांगावे. आठवड्यातून एकदा तिच्या घरी जावे किंवा तिला आपल्या घरी बोलवावे. जावे ते दिवसाढवळ्या, राजरोस. तिच्या सासूशी आधी बोलावे, सासूच्या हातचा चहा घ्यावा. लपून केलेल्या गोष्टीने घरात संशय वाढतो आणि त्याचा मार त्या बाईला बसतो.

प्रेषितांच्या कृत्यांत प्रिस्किल्ला आणि तिचा पती अक्विला यांची कथा आहे. अपुल्लो हा मोठा वक्ता, पण त्याला मार्गाची पुरती माहिती नव्हती. या दोघांनी त्याला चारचौघांत टोकले नाही. आपल्याकडे नेले आणि नीट समजावून सांगितले. हे लोक धंद्याने तंबू शिवणारे होते. शिकवणे झाले ते शिवणाऱ्या माणसांच्या घरी, कातड्याच्या आणि कापडाच्या ढिगाऱ्याशेजारी.

दुसरी गोष्ट वाचनाची. नव्या बहिणीच्या हाती जाड पुस्तक देऊन 'पहिल्यापासून वाच' म्हणू नये. ती वंशावळीत अडकते आणि सोडून देते. मार्कचे शुभवर्तमान सगळ्यांत लहान आहे. त्याचे सोळा अध्याय आहेत. आठवड्याला एक घेतला तर चार महिन्यांत पुरे होते. दुपारची भांडी झाल्यावर दोघींनी बसावे, एकीने वाचावे, दुसरीने ऐकावे. मग तीन गोष्टी एकमेकींना विचाराव्या. प्रभू यात कसा दिसला? कळले नाही ते काय? आणि या आठवड्यात मी काय करीन? जे आपल्यालाही कळले नाही ते पाळकसाहेबांना विचारून सांगते म्हणावे. त्यात कमीपणा नाही. जिला वाचता येत नाही तिला गोष्ट तोंडी सांगावी, आणि तिची इच्छा असेल तर त्याच पानावरून अक्षरे शिकवावीत. आमच्या गल्लीतल्या एक मावशी पन्नाशीनंतर अशा वाचायला शिकल्या. आता त्या रेशनची पावतीही कोणाकडून वाचून घेत नाहीत.

तिसरी गोष्ट. हाताला काम लवकर द्यावे. पाहुण्यासारखे वर्षभर बसवून ठेवले की माणूस पाहुणाच राहतो. नाताळच्या फराळाला, आजाऱ्याच्या भेटीला, देऊळ झाडायला तिला बरोबर घ्यावे. यापोची दुर्कस विधवांसाठी वस्त्रे शिवत असे, म्हणून तिचे नाव शास्त्रात राहिले. ती भाषण करीत होती असे कोठे लिहिलेले नाही.

चौथी गोष्ट. तिच्या मागच्या आयुष्याची थट्टा करू नये. तिची आई ज्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावते, त्याविषयी वाकडे बोलू नये. तिच्या नणंदेच्या लग्नात तिने राबावे, सासऱ्याच्या आजारपणात सेवा करावी. काय धरावे, काय सोडावे हे तिचे मन प्रभूपुढे हळूहळू ठरवील. जुन्या काळच्या मंडळीत बाप्तिस्म्याआधी शिकवणुकीचा काळ असे, काही ठिकाणी तो तीन वर्षांपर्यंत चाले. ज्यांनी त्या नव्या माणसाला आणले त्यांना त्याच्या वागणुकीविषयी विचारीत. विधवांची कदर केली का, आजाऱ्यांना भेटला का, असे ते प्रश्न असत. आपण मात्र घाईने याद्या करतो.

पाचवी गोष्ट गुपिताची. नवी बहीण प्रार्थनेसाठी म्हणून आपले दुःख सांगते. ते प्रार्थनेतच राहावे. 'अमकीच्या नवऱ्यासाठी प्रार्थना करा' असे मोबाईलच्या गटावर टाकले की संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळते. मग ती पुन्हा तोंड उघडत नाही. तिला विचारल्याशिवाय काहीही पुढे पाठवू नये. नळावर तर नाहीच नाही.

आता आपल्याविषयी, म्हणजे जुन्यांविषयी, दोन शब्द. आपण ख्रिस्ती घरात जन्मलो. गीते पाठ, प्रार्थना पाठ. पण पाठ असणे आणि वाढणे यांत फरक आहे. तांदूळ कोठीत वर्षानुवर्षे ठेवला तर तो जुना होतो, पीक देत नाही. पिकासाठी बियाणे मातीतच जावे लागते. तीमथ्याचा विश्वास आधी त्याच्या आजीत आणि आईत होता, असे पौलाने लिहिले आहे. पण तो त्या दोघींनी पेटीत घालून ठेवला नाही, मुलाला दिला.

नव्या बहिणीची सोबत केल्याने सोबतीणच जास्त शिकते, असे मी पाहिले आहे. नवी बाई भोळेपणाने विचारते, "तुम्ही तुमच्या जावेशी बोलत नाही, मग क्षमेचे वचन कसे म्हणता?" आपल्याला कोणी पाळकाने असे विचारले नसते! आमच्या ओळखीच्या दोन जावा अशाच एका प्रश्नाने सात वर्षांनी एकमेकींच्या उंबऱ्यावर चढल्या. प्रश्न विचारणारी बाई तेव्हा बाप्तिस्म्याच्या वर्गातही गेली नव्हती.

तेव्हा वाढ झाली की नाही हे कसे ओळखावे? कोण किती लांब प्रार्थना करते यावरून ओळखू नये. रोवणीच्या बायांना मजुरी वेळेवर दिली का, सुनेला मुलगी झाली तेव्हा पेढे वाटले का, दारू पिणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला रात्री आपले दार उघडते का, शेजारच्या बौद्ध किंवा मुसलमान घरात मयत झाले तर आपण आधी जातो का, यावरून ओळखावे. झाड किती वाढले ते त्याच्या सावलीवरून कळते, आणि सावलीत कोणीही बसू शकते.

अखेरीस मंडळाला माझी एक विनंती आहे. वर्धापनदिनी आपण पुष्कळ ठराव करतो. या वर्षी एकच करू या. आपल्यात आज ज्या तीन-चार बहिणी नव्या आहेत, त्यांच्यासाठी एकेक सोबतीण या सभेतून उठण्याआधी ठरवावी, आणि पुढच्या वर्धापनदिनापर्यंत तिने तिचा हात सोडू नये. बारा महिन्यांचा हिशेब आपण पुढच्या वर्षी येथेच देऊ. पौलाने म्हटल्याप्रमाणे कोणी रोप लावतो, कोणी पाणी घालतो, वाढ मात्र देवच देतो. आपल्याकडे पाणी घालण्याचे काम आहे. ते बेताने आणि रोज करावे.

चिटणीसबाईंनी मला वीस मिनिटे दिली होती, ती संपली असावीत. माझ्या अडाणी बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल तर पोटात घालावे.